तेवीस प्रती कुणी नेल्या?

प्रश्न बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षकांचा आहे. पहिला कथासंग्रह त्यांनी स्वतःच्या खर्चानं काढला, ५०० प्रती छापल्या. तीन महिन्यांत फेसबुकवर चाळीसेक पोस्ट टाकल्या. लाइक बऱ्या आल्या, पण प्रती खपल्या तेवीस. आता पैसे भरून जाहिरात करावी का, इन्स्टाग्रामवर जावं का, आणि पुण्या-मुंबईच्या वाचकांपर्यंत पोचावं कसं, असं त्यांनी विचारलंय. मी गेली चौदा वर्षं बेळगावात पुस्तकं विकते आणि सीमाभागातल्या लेखकांच्या पुस्तकांचा प्रसारही करते. त्या अनुभवावरून सांगते.

सर, तुमच्या चाळीसही पोस्ट मी बसून वाचल्या. मुखपृष्ठ आहे, प्रकाशनाचे फोटो आहेत, शाल-श्रीफळ आहे, पाहुण्यांची नावं आहेत, 'आजच मागवा' आहे. तुमच्या कथांमधलं एक वाक्य मात्र कुठंच नाही. जांबोटीच्या पावसावर तुम्ही काय सुंदर लिहिलंय, हे मला पुस्तक हातात आल्यावर कळलं. ते तुमच्या फेसबुकवरच्या मित्रांना कसं कळणार? त्यांनी तुमचं अभिनंदन केलं आणि ते मोकळे झाले. पुस्तक घ्यायचं तर त्यातलं काहीतरी आधी मनात रुतून बसावं लागतं.

म्हणून जाहिरातीचा विचार थोडा बाजूला ठेवा. आधी एका कथेतला शंभरेक शब्दांचा तुकडा निवडा. पुढं काय होणार हे कळायच्या आत तो तोडा आणि सरळ मजकूर म्हणून टाका. फुलापानांच्या चित्रावर अक्षरं छापून टाकू नका. चित्रातली अक्षरं शोधून सापडत नाहीत, आणि साठीच्या वाचकाला लहान फोनवर ती दिसतही नाहीत. खाली पुस्तकाचं नाव, किंमत आणि फोन नंबर, एवढंच. आठवड्याला असा एक तुकडा पुरतो.

इथं एक अडचण हमखास येते. छापखान्यातून आलेली फाइल बहुतेक वेळा श्रीलिपीत, म्हणजे छपाईसाठीच्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असते. त्यातला मजकूर उचलून फेसबुकवर चिकटवला की भलतीच चिन्हं उमटतात. मग लेखक वैतागून पानाचा फोटो टाकतो. छापखान्याकडं युनिकोडची, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणारी प्रत मागा. ती नसेल तर रूपांतर करून घ्या, पण नंतर डोळ्यांत तेल घालून तपासा. रफार आणि जोडाक्षरं हमखास तुटतात. याहून सोपी वाट म्हणजे फोनच्या कीबोर्डवर मराठी निवडून माइकचं बटण दाबा आणि आपल्याच पुस्तकातून वाचत जा. दोन परिच्छेद पाच मिनिटांत टाइप होतात, चुका तेवढ्या दुरुस्त करायच्या.

आता आवाजाबद्दल. माझ्या मते सीमाभागात पुस्तकाला वाचक मिळवून देणारी सगळ्यांत मोठी गोष्ट लेखकाचा आवाज आहे. आपल्याकडच्या विशीतल्या मुलांचं बघा. घरात मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची, वर्गात कन्नड. मराठी त्यांना कानानं शंभर टक्के येते, डोळ्यांनी मात्र अडखळत. दोन वर्षांपूर्वी वडगावचा एक पोरगा दुकानात आला. पुस्तकाचं नाव त्याला माहीत नव्हतं, लेखकाचंही नाही. म्हणाला, "ते म्हातारीच्या म्हशीचं पुस्तक हाय काय की संपलं?" त्याच्या घरच्या ग्रुपवर कुणीतरी लेखकाचं दीड मिनिटाचं वाचन टाकलं होतं. म्हैस विकायच्या दिवशी म्हातारी तिच्या शिंगांना तेल लावत बसते, तिथं ते थांबलेलं. पुढं काय झालं, एवढ्यासाठी तो आला होता. मी विचारलं, "वाचणार कोण?" म्हणाला, "मीच की. अडलं तर आई हाय." अशी अकरा पुस्तकं त्या एका ध्वनिफितीवर मी विकली. पैसे दिलेल्या कुठल्याच जाहिरातीनं तेवढं काम केलेलं मला आठवत नाही.

तेव्हा दीड मिनिट वाचा. पंखा बंद करा, खिडकी लावा, फोन तोंडापासून वीतभर लांब धरा. आणि कृपा करून पुण्याच्या निवेदकासारखं वाचू नका. तुमच्या कथेतली माणसं 'ये की', 'बस की' म्हणतात. तुमच्या तोंडूनही ती तसंच म्हणू देत. आपली बोली ऐकून मुंबईला गेलेला माणूस कामातनं मान वर करतो. व्हिडिओच हवा असं नाही. कणकुंबी, जांबोटीकडं रेंजची काय अवस्था असते ते तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. तिथं पंधरा एमबीचा व्हिडिओ गोल फिरत बसतो, ध्वनिफीत लगेच उतरते.

हे सगळं टाकायचं कुठं? तुमच्या बाबतीत मी व्हॉट्सअॅप पहिलं धरेन, फेसबुक दुसरं आणि इन्स्टाग्राम सवडीनं. इन्स्टाग्राम वाईट म्हणून नव्हे. कवितेच्या चार ओळींना किंवा लहान मुलांच्या चित्रमय पुस्तकाला ते फार चांगलं आहे. पण तुमचा वाचक शिक्षक आहे, बँकेतून निवृत्त झालेला आहे, बचत गटातली बाई आहे, शेतकरी आहे, आणि तो सकाळी उठून व्हॉट्सअॅप उघडतो.

व्हॉट्सअॅपवर बहुतेक लेखक पहिल्याच दिवशी एक चूक करतात. फोनमधले सगळे नंबर उचलून 'माझे वाचक' असा ग्रुप काढतात. ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात, म्हणून भरत सुटतात. अशा ग्रुपात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. दोन दिवसांत कुणाचा तरी 'हाय' एखाद्या अनोळखी वाचक बाईला जातो आणि त्या गुपचूप बाहेर पडतात. त्यांच्यापाठोपाठ इतर बायका जातात. मराठी कथांचा निम्म्याहून जास्त वाचक, निदान माझ्या गल्ल्यावर तरी, बायकाच आहेत. त्यांना असं घालवू नका. त्यापेक्षा ब्रॉडकास्ट यादी करा. एका यादीत २५६ जण बसतात, संदेश प्रत्येकाला खाजगी जातो आणि उत्तर फक्त तुम्हालाच येतं. एक अट आहे: ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो पोचतो. त्यामुळं पुस्तक देतानाच म्हणा, "नंबर तेवढा सेव्ह करा, महिन्याला एक गोष्ट वाचून पाठवतो." कारण सांगितलं की माणसं तिथंच उभ्या उभ्या सेव्ह करतात. व्यवसायासाठीचं व्हॉट्सअॅप फुकट आहे, ते घेतलंत तर माणसांना लेबलं लावता येतात: घेतलं, घेणार आहे, वाचनालय, शाळा. एवढी चार लेबलं बास. व्हॉट्सअॅप चॅनेलचा विचार पुढं करा. तिथं नंबर दिसत नाहीत हे चांगलं, पण वाचक तुम्हाला उलट लिहू शकत नाही, आणि आपल्याला तर त्याचं लिहिणंच हवंय.

'जास्तीत जास्त शेअर करा' ही ओळ काढून टाका. एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येतं, आणि जो संदेश खूप फिरलाय तो एका वेळी एकाच ठिकाणी जातो. वर दुहेरी बाणाची खूण दिसली की लोक न वाचताच पुढं सरकतात. एखाद्या वाचकानं स्वतःच्या दोन ओळी लिहून तुमच्या पुस्तकाचा फोटो टाकला तर तो वाचला जातो. त्यासाठी वाचकाला विचारावं लागतं, आणि विचारायची रीत आहे. 'पुस्तक कसं वाटलं?' असं विचारलंत की 'छान' येतं आणि बोलणं संपतं. मी लेखकांना सांगते, "कुठं थांबलात?" असं विचारा. मग कुणी लिहितं, "विहिरीजवळची पानं वाचली आणि पुस्तक मिटलं, माझ्या चुलतीची आठवण आली." ही ओळ त्यांची परवानगी घेऊन, नाव घालायचं की नाही ते त्यांनाच विचारून, पुढच्या पोस्टमध्ये टाका. मुलांचे फोटो मात्र पालकांना विचारल्याशिवाय कधीही नकोत, शाळेच्या कार्यक्रमातले असले तरी.

लेखकानं उत्तर देणं हा यातला अर्धा भाग आहे. तुमच्या एका पोस्टखाली गर्लगुंजीच्या कुणीतरी विचारलंय, "ही गोष्ट आमच्याकडची वाटते, खरी काय?" दीड महिना झाला, उत्तर नाही. सर, तो माणूस पुस्तक घ्यायला दारात उभा होता. तिथं दोन ओळी लिहिल्या असत्या तर आणखी दहा जण बोलले असते. एका लेखिकेनं मागं फक्त एवढं विचारलं होतं: "तुमच्या गावात खळ्यावरच्या कामाला कुठकुठले शब्द आहेत?" बेळगुंदी, उचगाव, येळ्ळूर, पार चंदगडपर्यंतची म्हातारी माणसं नातवाकडून लिहून घेऊन उत्तरं पाठवत होती. त्या शब्दांपैकी पाच तिच्या कादंबरीत होते. ते कुठल्या पानावर आहेत ते तिनं सांगितलं, आणि लोकांनी आपला शब्द छापलेला बघायला पुस्तक मागवलं.

आता जाहिरात. यात मी स्वतः पैसे घालवलेत, म्हणून तपशिलानं सांगते. एका कादंबरीसाठी मी फेसबुकवर दीड हजार रुपये भरले. ठिकाण निवडताना सवयीनं 'महाराष्ट्र' निवडलं, कारण मराठी पुस्तक. आठवडाभर नाशिक, जळगाव, लातूरहून लाइक येत राहिल्या. आमच्या बेळगावातल्या टिळकवाडीतून एकही नाही. मग एका रात्री डोक्यात प्रकाश पडला: महाराष्ट्र निवडला की बेळगाव, खानापूर, निपाणी नकाशाबाहेरच जातात. ज्या माणसांची ती कादंबरी, त्यांनाच ती दिसत नव्हती. पुण्याचे प्रकाशक ही चूक आजही करतात आणि मग म्हणतात, सीमाभागात मागणी नाही. तुम्ही राज्य निवडू नका. बेळगाव शहर निवडून भोवती चाळीस किलोमीटरचं वर्तुळ ठेवा, त्यात खानापूर येतं आणि चंदगडकडचा भागही बराच येतो. निपाणी-चिकोडीसाठी वेगळं वर्तुळ करा. भाषेची चौकट मोकळी सोडा. आपल्याकडं बहुतेकांचे फोन इंग्रजीत चालतात. 'मराठी' निवडलंत तर तेच गळतात. देवनागरी मजकूर आपला वाचक आपोआप वेचून काढतो. पाचशे रुपयांच्या वर पहिल्यांदा जाऊ नका, आणि जी पोस्ट फुकटात चांगली चाललीय तिलाच पैसे लावा. पडलेल्या पोस्टला पैशानं उभारी येत नाही.

वेळही बघावी लागते. तुम्ही प्रकाशन केलंत नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. १ नोव्हेंबरच्या आसपास आपल्या प्रत्येकाच्या फोनवर कर्नाटकाचा राज्योत्सव आणि त्याच्या निषेधाचा आपला काळा दिवस, याशिवाय दुसरं काही नसतं. त्यात सुगी सुरू झालेली, भात कापायचं की कथा वाचायच्या? डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन बेळगावात असलं की पुन्हा तेच वातावरण. सुगी उरकली की मात्र माणूस मोकळा होतो, हातात चार पैसे असतात, आणि आपल्या गावोगावच्या साहित्य संमेलनांचे दिवस येतात.

ही संमेलनं म्हणजे आपलं भाग्य आहे. अखिल भारतीय संमेलन बेळगावात १९४६ साली झालं, २००० साली झालं. ते मोठेपण आहेच. पण पुस्तक विकायचं तर मी कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनीच्या मांडवात जाईन. सकाळी ग्रंथदिंडीत डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, दुपारी पंगत, आणि पंगत उठल्यावर परिसंवाद सुरू व्हायच्या आधीचा तो अर्धा तास. सगळी विक्री तेवढ्या वेळात होते. समाजमाध्यमाचं काम त्याच्या आधी पंधरा दिवस सुरू होतं. ज्या गावात संमेलन, त्या गावाशी नातं असलेला तुकडा आधी वाचून पाठवा. आदल्या संध्याकाळी लिहा: "उद्या दुपारी पंगतीनंतर मी पुस्तकांच्या टेबलाजवळ आहे, सही करून देतो." मग लोक टेबलापाशी येऊन म्हणतात, "ते म्हशीचं वाचलेलासा ते तुम्हीच काय?" तिथं पुस्तक आपोआप हातात जातं. एक सांगून ठेवते, मांडवात गर्दी झाली की रेंज जाते आणि क्यूआर कोड नुसता बघत बसावं लागतं. सुट्टे पैसे न्या, वही न्या. 'नंतर पाठवतो' म्हणणाऱ्याचं नाव-गाव लिहून पुस्तक द्या. आपल्या गावात पैसे बुडत नाहीत, आठवड्यात येतात.

वाचनालयांना विसरू नका. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून चालू आहे, गावोगावी लहान वाचनालयं आहेत. 'माझं पुस्तक घ्या' असं लेखकानं म्हणण्यापेक्षा चार सभासदांनी जाऊन 'हे पुस्तक आलंय का?' असं विचारलं की ते लवकर येतं. तुमच्या वाचकांना एवढी विनंती जरूर करा. कुठल्या वाचनालयात पुस्तक मिळतं ती यादी स्वतः टाका. फुकट वाचतील म्हणून घाबरू नका. वाचनालयातून वाचून मग भेट द्यायला विकत घेणारे माझ्याकडं दर महिन्याला येतात.

पीडीएफचा मामला वेगळा. संग्रहाची पीडीएफ कुठल्याही ग्रुपवर सोडू नका, 'फक्त मित्रांसाठी' म्हणूनही नाही. एकदा बाहेर गेली की परत येत नाही. दुसऱ्या लेखकांच्या पीडीएफही पुढं पाठवू नका. आपल्या कायद्यानं लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क त्याचा आणि त्याच्या वारसांचा असतो. तुमच्याच ग्रुपवर इतरांच्या पीडीएफ फिरत असतील तर तुमचं पुस्तक विकत घ्या असं सांगायला तोंड राहत नाही.

पुण्या-मुंबईचे वाचक जरूर मिळवा, पण सुरुवात आपल्याच माणसांपासून करा. आपल्या प्रत्येक गावची पोरं कामासाठी पुण्या-मुंबईला आणि गोव्याला आहेत, त्यांचे गावाच्या नावाचे ग्रुप आहेत. तिथं गावातल्या माणसाच्या तोंडून पुस्तक जाऊ दे. पाठवायचं टपालानं. १ मे २०२५ पासून टपाल खात्याची ज्ञान पोस्ट सेवा आहे. ३०० ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि वर कर, शिवाय पाकीट कुठं पोचलं ते बघता येतं. तुमचा संग्रह पाकिटासकट किती भरतो ते एकदा वाण्याच्या काट्यावर बघा. थोडक्यासाठी वर जात असेल तर पुठ्ठा हलका घ्या. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं लागतं, ते आहे ना हे पोस्टमास्तरांना दाखवून विचारा. टपालखर्च किमतीतच धरून एकच आकडा सांगा. 'अधिक टपालखर्च' लिहिलं की वाचक 'किती?' विचारतो, तुम्ही वर्गावर असता, आणि संध्याकाळपर्यंत त्याची इच्छा विरलेली असते.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. तुमच्या पोस्टींमध्ये सर्वांत जास्त शेअर झालेली पोस्ट सीमाप्रश्नावरची आहे, आणि आता तशाच टाकाव्यात असं तुमच्या मनात येतंय, हे तुम्ही लिहिलंत. सीमाप्रश्न आपल्या घराचा प्रश्न आहे, त्यावर जरूर लिहा. पण पुस्तक खपावं म्हणून लिहू नका. त्या पोस्टीखाली शेकड्यानं माणसं आली, भांडली आणि गेली. त्यांतल्या कुणी तुमच्या कथांबद्दल विचारलं नाही. उलट तुमच्या शाळेतले कन्नड सहकारी, ज्यांना मराठी उत्तम समजतं आणि जे तुमचं वाचन आवडीनं ऐकतील, ते त्या दिवसापासून गप्प झाले असतील. माझ्या दुकानात कन्नड बोलणारे कितीतरी जण आईसाठी, बायकोसाठी मराठी पुस्तकं नेतात. एकदा एका लेखकानं आपल्या वाचनाच्या खाली कन्नडमध्ये दोन ओळी लिहिल्या, गोष्ट कशाबद्दल आहे एवढंच. गोकाकहून एका बाईंनी फोन करून प्रत मागवली, माहेर निपाणीचं म्हणाल्या.

आकड्यांचं म्हणाल तर लाइक मोजू नका. प्रत्येक ग्राहकाला एकच प्रश्न विचारा, "कुठं कळलं?" आणि वहीत लिहा. पन्नास नोंदी झाल्या की तुमचं पुस्तक कुठल्या वाटेनं चालतंय ते दिसायला लागतं, मग तिथंच जोर लावा.

म्हणून त्या तेवीस प्रतींकडं परत येते. त्या कुणी नेल्या, त्यांची नावं आहेत का तुमच्याकडं? काही नातेवाईक असतील, काही शाळेतले. आज रात्री बसून आठवेल तेवढी यादी करा. मग एकेकाला स्वतः टाइप करून लिहा, एकच मजकूर चिकटवू नका. कुठं थांबलात, ते विचारा. आणि ज्यानं दोन प्रती नेल्यात, असा एखादा असतोच, त्याला लिहू नका, फोन करा. दुसरी प्रत त्यानं कुणाला दिली, ते विचारा.